दोन बांध्यांचे यादोरावजी

दिघोरीत दाढी करायची दोन दुकानं आहेत. एक बसस्टँडवर, एक बाजारचौकात. बाजारचौकातलं नवीन उघडलं त्या दिवशी यादोरावजींनी डावा गाल बसस्टँडवर करून घेतला आणि उजव्या गालावरचा फेस तसाच वाळवत सायकलनं बाजारचौकात जाऊन उरलेली दाढी तिथं उरकली. मग पुढचे काही दिवस भेटेल त्याच्यापुढे ते गाल करायचे. "हात फिरवून सांगा जी, कोन्ता मऊ हाये?" मीही हात फिरवला. दोन्ही गाल सारखेच खरखरीत होते, पण तसं सांगितलं तर हा गृहस्थ पुन्हा दोन्हीकडे जाईल या धास्तीनं मी डावा म्हणालो. बाजारचौकातल्या न्हाव्यानं त्यानंतर वर्षभर माझ्याकडे पाहिलं नाही.

यादोरावजी धानाचे शेतकरी. आमच्याकडे धानाचं शेत चहूबाजूंनी मातीच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वेढलेलं असतं, त्याला बांधी म्हणतात. बाजारात नवीन वाण आलं की यादोरावजी शेजारशेजारच्या दोन बांध्या धरायचे. एकीत जुनं वाण, एकीत नवं. खत तेच, पाणी तेच, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायाही त्याच. मळणीनंतर दोन ढीग शेजारी घालून त्यांच्यासमोर उकिडवे बसायचे आणि निकाल द्यायचे. "बांधी सारखी पायजे, मंग वानाचं बोला," हे त्यांचं वाक्य. कृषी खात्याचा माणूस येऊन काय सांगतो ते गाव मान हलवून ऐकायचं आणि बियाणं मात्र यादोरावजींना विचारून आणायचं.

इथवर ठीक होतं. पण हा माणूस शेतात थांबला नाही. दिवाळीला दोन्ही जावई आले की त्यांना एकाच खोलीत, एकसारख्या गादीवर झोपवायचे आणि सकाळी कोण आधी उठतो, उठल्यावर काय करतो, हे ओसरीवरून बघत बसायचे. नोकरीवाला जावई त्यात कायम नापास व्हायचा. घरात डाळ दोन पातेल्यांत शिजायची, कारण एका विहिरीचं पाणी जड आणि दुसरीचं हलकं असा त्यांना संशय होता. त्यांच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, "मले तपासाले दुसरी बायको आनली नाई, तेवढं बरं झालं."

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. माझी बांधी यादोरावजींच्या बांधीला लागून, मधे एक धुरा. आम्हा दोघांमध्ये आणखी एक गोष्ट सामाईक होती, ती म्हणजे रक्तातली साखर. मी गोळी घ्यायचो आणि गोडही खायचो. यादोरावजी काही दिवस गोळी, काही दिवस कारल्याचा रस असं तपासून पाहायचे. रक्त मात्र तपासायचे नाहीत. "रगत पाहून कायले? मी मले पाहून राहिलो ना," असं म्हणत ते गुळाचा चहा प्यायचे.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तेव्हा विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. आधी वडील वाचायचे, मग यादोरावजी. विहाराचा भोंगा थेट माझ्या अंगणाकडे तोंड करून असल्यामुळे आमच्या घरी हा ग्रंथ दरवर्षी फुकट ऐकला जाई. यादोरावजी वाचता वाचता मधेच थांबून गावकऱ्यांची हजेरी घ्यायचे. दारूचा विषय आला की नावं घेऊन वाचायचे. समोर खांबाला टेकून पंचफुलाबाई बसायच्या. यादोरावजींच्या वयाच्या, विधवा, अक्षरओळख नाही, पण इतकी वर्षं ऐकून ग्रंथ कानात बसलेला. यादोरावजींची ओळ सुटली की त्या पदर सावरत म्हणायच्या, "यादोभाऊ, मधातलं खाल्लं तुमी." मग यादोरावजी मुकाट मागे जायचे. गावात त्यांना मागे पाठवू शकणारं हे एकच माणूस होतं.

एका श्रावणात, रोवणा आटोपल्यावर, यादोरावजी माझ्या दारात उभे. जय भीम नाही, नमस्कार नाही. म्हणाले, "गुरुजी, धुरा सरकवला तुमी."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"मी पाहून राहिलो. मधात पोट निंगालं त्याले. माह्या बांधीत घुसला. शिकल्या मानसानं असं कराव काय जी?"

माझं डोकं सटकलं. आयुष्यभर पोरांना सरळ रेषा काढायला शिकवली आणि म्हातारपणी धुरा वाकडा केल्याचा आळ. मी रोवण्याची लांब दोरी घेतली, त्यांना घेऊन बांधीवर गेलो, धुऱ्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. धुरा दोरीला धरून सरळच्या सरळ. यादोरावजींनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोरी बी वाकडी धरली तुमी."

शिव्या द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ताणलेली दोरी वाकडी दिसते म्हणजे गडबड दोरीत नाही, एवढं गणित मला येत होतं. त्या संध्याकाळी भोंग्यातून यादोरावजी अडखळत होते आणि पंचफुलाबाईंचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आज काई पोटभरच खाऊन राहिले तुमी." लोक हसले. यादोरावजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन ओसरीवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "ओळी बी वाकड्या झाल्या जी. वाचनं सुटलं तं मी काय करू?" वडिलांपासून आलेलं ते वाचन त्यांच्या जिवापलीकडचं होतं. हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि मलाही बरं वाटेना.

तरी मी त्यांना गाडीत घालून भंडाऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं ते निव्वळ मायेनं, असं म्हणणार नाही. माझा धुरा सरळ आहे हे डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. डॉक्टरीन नागपूरहून यायची, तरुण होती. तिनं यादोरावजींचा एक डोळा झाकून समोर चौकड्यांचा कागद धरला. "काका, रेषा सरळ दिसतात का?"

"हा तं बांध्यांचा नकाशा होय," यादोरावजी म्हणाले आणि मधल्या रेषेवर बोट ठेवलं. "हे पाहा मॅडम, हा फुगला. हा या गुरुजीचा धुरा."

डॉक्टरीन माझ्याकडे वळली. "तुम्हालाही शुगर आहे ना? मग उभे का? बसा." माझ्याही एका डोळ्यात थोडी सूज निघाली. सरळ धुऱ्याचं प्रमाणपत्र आणायला गेलो आणि रोगी होऊन बसलो. यादोरावजींना याचा इतका आनंद झाला की स्वतःचं दुखणं ते घटकाभर विसरले.

डॉक्टरीननं समजावलं की साखरेमुळे डोळ्यामागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, पडदा फुगतो आणि सरळ वस्तू वाकडी दिसते. यादोरावजी म्हणाले, "म्हंजे तलावाले पाझर लागला." ती म्हणाली, तसंच. इंजेक्शननं तो पाझर कमी होतो, पण एकदा घेऊन भागत नाही, आधी दर महिन्याला आणि मग तपासून ठरवायचं, आणि साखर आवरली नाही तर सगळंच वाया.

"इंजेक्शन कुठं?" यादोरावजींनी विचारलं.

"डोळ्यात."

"कोनाच्या?"

"तुमच्या, काका."

यादोरावजींनी खुर्ची थोडी मागे सरकवली. मग बधिर करणारे थेंब आधी घालतात, फारसं दुखत नाही, हे ऐकल्यावर यादोरावजींमधला शेतकरी जागा झाला. औषध कोणतं? डॉक्टरीन म्हणाली, तीन आहेत. एक स्वस्तातलं, ते मुळात कर्करोगाचं, मोठ्या बाटलीतून थोडं थोडं काढून डोळ्यासाठी वापरतात. एक मधलं. एक महागाचं. नावं तिनं सांगितली, पण ती आमच्या जिभेवर टिकली नाहीत. यादोरावजींनी जागीच बारसं केलं. स्वस्तातलं ते जाडा, महागाचं ते बारीक, तांदळासारखं. मधल्याला त्यांनी नाव ठेवलं नाही, कारण मधल्या तांदळाला आमच्याकडे गिऱ्हाईक नसतं.

"मॅडम, सारख्या बांधीत लावून पाहिले काय हे तिन्ही?"

ती आधी गोंधळली, मग हसली. "पाहिलेत, काका. खूप लोकांच्या डोळ्यांत. ज्यांची नजर थोडीच कमी झाली होती, त्यांना तिन्ही जवळजवळ सारखीच लागू पडली. ज्यांची जास्त गेली होती, त्यांना पहिल्या वर्षी महागाच्यानं जास्त फायदा झाला. पुढे तोही फरक कमी होत जातो."

यादोरावजींचा डावा डोळा बराच बिघडलेला होता, उजवा थोडा. त्यांनी तिथंच फर्मान काढलं, डाव्यात बारीक, उजव्यात जाडा. डॉक्टरीन म्हणाली, मीही हेच सांगणार होते. पण तिचं कारण वेगळं होतं. तिला डोळे वाचवायचे होते आणि यांना दोन बांध्या मिळाल्या होत्या. माझ्या डोळ्याला जाडा आला. मी कोणत्या प्रयोगात आहे हे मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला आमची भंडारा वारी सुरू झाली. मागच्या सीटवर पंचफुलाबाई आल्या, त्यांनाही साखर होती आणि डोळेही तसेच निघाले होते. दोन्ही डोळ्यांत जाडा. येताना लाखनीला थांबून आम्ही तिघं बिनसाखरेचा चहा प्यायचो आणि यादोरावजी चहावाल्याला दोन वेगळ्या पातेल्यांतला मागायचे. विहारात आता ते एक डोळा तळहातानं झाकून वाचू लागले. एक परिच्छेद डाव्यानं, एक उजव्यानं, आणि मधे जाहीर करायचे, "हा बारीकचा होता. आता जाड्याचा आयका." पंचफुलाबाई म्हणाल्या, "दोन्हीत मजकूर तोच हाये ना? मंग वाचा."

हिवाळ्यापर्यंत डावा डोळा छान सुधारला. भिंतीवरच्या तक्त्यातल्या कितीतरी ओळी ते खाली उतरले. उजवा सुधारला, पण थोडा. यादोरावजींनी विहाराच्या पायरीवर बसून निकाल दिला. "बारीक तो बारीक. जाडा म्हंजे पानी." डॉक्टरीननं त्यांना सांगितलं होतं की डावा जास्त बिघडला होता म्हणून त्याला सुधारायला जागा जास्त होती, उजव्याला मुळात चढायचंच थोडं होतं. मीही म्हटलं, "यादोरावजी, बांधी सारखी नव्हती." त्यावर ते म्हणाले, "तुमी गनिताचे मास्तर. वानाचं तुमाले काय समजते?" जन्मभर दुसऱ्यांना जी चूक दाखवली, तीच यांनी स्वतःच्या डोळ्यात केली आणि गावानं नेहमीसारखी मान हलवली.

पंचफुलाबाईंनी गाडीत येणं थांबवलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. आम्ही दोघं म्हातारे, आम्हाला गुडघ्यांचं पटलं.

पुढच्या आषाढात वाचन सुरू झालं. यादोरावजींनी ओळ सोडली, पंचफुलाबाईंनी मागे पाठवलं, सगळं नेहमीसारखं. उठताना मात्र त्या पायरी चुकल्या आणि दुसऱ्याच कोणाच्या चपलांमध्ये पाय घालू लागल्या. यादोरावजींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डाव्या डोळ्यापुढं काळं उतरलं हाये. होळीपासून."

भंडाऱ्याला नेलं. आत रक्तस्राव झाला होता. तो डोळा बहुतेक गेलाच होता, दुसरा वाचवता येण्यासारखा होता. डॉक्टरीननं विचारलं, "बाई, इंजेक्शन का बंद केलं?"

पंचफुलाबाईंनी तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "यादोभाऊ म्हने जाडा पानी हाये. बारीकची माही ऐपत नाई. मंग कायले डोळा टोचून घेऊ?"

परतताना लाखनी आली आणि गेली. चहाला थांबू का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. यादोरावजी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि ते मागे वळून पंचफुलाबाईंकडे एकदाही पाहू शकले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, तरी खड्डे चुकवत मी गाडी हळूच हाकत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी भोंगा सुरू झाला, पण ग्रंथ सुरू झाला नाही. मी अंगणातून उठून विहारात गेलो. यादोरावजी उभे होते. "मीनं सांगतलं का जाडा पानी हाये. चुकलो मी," ते म्हणाले. "माह्या दोन डोळ्यांची बांधी सारखी नोहोती आन् मी वान जोखून बसलो. खरी तुलना समोर होती, थे मीनं पाह्यलीच नाई. माह्या उजव्या डोळ्यात जाडा, पंचफुलाबाईच्या बी जाडा. वान तेच, डॉक्टरीन तेच. मी दर महिन्याले गेलो, तिले मीनं घरी बसवलं. मी आज ओळ वाचून राहिलो, तिले पायरी नाई दिसत. आता कोनी मले वान पुसू नका."

मग खांबाकडून आवाज आला, "झालं असन तं वाचा आता."

त्यांनी वाचलं. आवाज फाटत होता, पण ओळ एकही सुटली नाही.

त्यानंतरचे यादोरावजी वेगळे होते असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. ते तितकेच तापदायक होते, फक्त ताप देण्याची दिशा बदलली. गावातल्या साखरवाल्यांना ते घरोघरी जाऊन उठवू लागले. कोणी विचारलं की जाडा चांगला की बारीक, तर म्हणायचे, "सुई कोन्ती थे डॉक्टरीन पाहीन. तू आधी गाडीत बस." गाडी माझी, पेट्रोल माझं, आमंत्रण त्यांचं. दवाखान्यात पंचफुलाबाईंचा हात धरून आत नेण्याचा मान मात्र ते कोणाला देत नसत. त्या हात झटकायच्या, "मले एक डोळा हाये अजून." ते पुन्हा धरायचे. पंचफुलाबाईंचा तो दुसरा डोळा टिकला, आणि टिकला तो जाड्यावरच. कारल्याचा रस बंद झाला आणि यादोरावजी रक्त तपासू लागले. दोन वेगळ्या ठिकाणी, अर्थात.

गेल्या कापणीला ते गेले. डोळ्यांनी दगा दिला नाही, हृदयानं दिला. बांधीवरच बसले आणि आडवे झाले. त्या हंगामातही त्यांनी दोन वाणं लावली होती. एक बांधी कापून झाली होती, दुसरी उभी होती, त्यामुळे निकाल राहून गेला. त्यांच्या मुलानं नंतर दोन्ही धान एकाच ढिगात घातलं. ते पाहून मी धुऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

विहारात आता शाळेतली एक तरुण बाई वाचते. स्वच्छ, न अडखळता. पंचफुलाबाई म्हणतात, "सारं बरोबर वाचते वो, पन मजाच नाई येत."

मी भंडाऱ्याला जाणं सोडलं होतं. ठरवून नाही. एकदा पाऊस होता, एकदा लग्न होतं, मग गाडी खराब आहे असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो. पंचफुलाबाई पुतण्याच्या मोटरसायकलवर जाऊन येत होत्या. खरं सांगायचं तर शेजारची सीट रिकामी ठेवून लाखनीपर्यंत जाणं मला जमत नव्हतं.

परवा रोवणा संपला म्हणून बांधीवर गेलो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हिरवेगार लागले होते. सहज धुऱ्याकडे पाहिलं तर मधोमध त्याचं पोट निघालेलं, सरळ माझ्या बांधीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "यादोरावजी, धुरा सरकवला तुम्ही," असं मी मोठ्यानं म्हणूनही गेलो. दुसऱ्यांचा रोवणा करून परतणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. मग मी एक डोळा झाकला. धुरा सरळ झाला. दुसरा झाकला, पुन्हा पोट निघालं.

तिथून घरी न जाता मी पंचफुलाबाईंच्या दारात गेलो. म्हटलं, "उद्या गाडी काढतो. सकाळी तयार राहा."

त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काहून? गाडी तं खराब होती म्हने तुमची."

"धुरा वाकडा दिसला," मी म्हणालो.

त्यांचा हात सुपात थांबला. त्या म्हणाल्या, "मंग यादोभाऊनंच सरकवला असन," आणि उद्याची पिशवी भरायला आत गेल्या.